मधल्या दिवसांचा हिशेब

दापोडीच्या रेल्वे स्थानकाबाहेर, सायंकाळच्या लोणावळा लोकलची वाट पाहत चहा घेणाऱ्या कामगारांच्या घोळक्यात, काही महिन्यांपूर्वी एक संभाषण कानी आले. विशी-पंचविशीतील दोन तरुण शेजारीशेजारी उभे होते, आणि एकाने दुसऱ्यास विचारले, ‘काय रे, घेतलं का परत?’ दुसरा म्हणाला, ‘घेतलं. पण नंबर नवीन टाकला.’ विचारणाऱ्याने हातातला ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला, क्षणभर रुळांकडे पाहिले आणि म्हणाला, ‘म्हणजे मागचं सगळं गेलं की.’ तेवढ्यात गाडीचा भोंगा झाला आणि दोघेही फलाटाकडे पळाले.

ज्याने कारखान्याच्या फाटकातून कधी आत पाऊल टाकले नाही त्याला या तीन वाक्यांतील व्यथा चटकन उमगणार नाही. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात, दापोडी-कासारवाडीपासून भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत, कामगाराची कारखान्यातील ओळख त्याच्या टोकन नंबराने ठरते. हजेरीपत्रकावर नाव नंतर येते, नंबर आधी येतो. जुना नंबर परत मिळणे म्हणजे मागची सेवा जिवंत असणे आणि नवा नंबर मिळणे म्हणजे त्याच यंत्रापुढे, त्याच मुकादमाच्या हाताखाली, त्याच कौशल्याने काम करूनही कालच जन्माला आल्यासारखे असणे. दोन्ही प्रसंगी क्रियापद एकच, ‘परत घेतले’. आणि तरीही दोन माणसांच्या आयुष्यांत जमीन-अस्मानाचा फरक.

समानार्थी शब्दांच्या कोशात ‘पुन्हा कामावर घेणे’ या अर्थाचे शब्द आपण एका ओळीत मांडतो : फेरनेमणूक, पुनर्नियुक्ती, पुनःस्थापना, बहाली, पूर्ववत् रुजू करून घेणे, सेवेत सामावून घेणे. ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत घालता येतील असा कोशाचा एकंदर आविर्भाव असतो. माझे म्हणणे असे आहे की हे शब्द परस्परांचे सगेसोयरे असले तरी एकमेकांचे प्रतिनिधी नव्हेत, आणि त्यांच्यातील भेद ओळखण्याची कसोटीही एकच आहे : माणूस बाहेर गेला तेव्हापासून आत आला तोपर्यंतच्या दिवसांचे हा शब्द काय करतो? ते दिवस तो मोजतो, की पुसतो, की माफ करतो, की त्यांच्यामागचीही सगळी वर्षे त्यांच्याबरोबर बुडवतो?

प्रथम या शब्दांच्या अंगावरील उपसर्ग पाहू. ‘पुनः’ हे संस्कृत अव्यय मराठीने दोन रूपांत ठेवले : बोलण्यात ‘पुन्हा’ आणि लिहिण्यात ‘पुनः’. मृदू व्यंजनापूर्वी त्याच्या विसर्गाचा रेफ होतो, म्हणून पुनर्नियुक्ती आणि पुनर्जन्म; कठोर व्यंजनापूर्वी विसर्ग जागेवर राहतो, म्हणून पुनःस्थापना आणि पुनःप्रवेश. कार्यालयीन कागदांत सर्रास दिसणारे ‘पुनर्स्थापना’ हे रूप या नियमात बसत नाही, आणि ज्या कागदाने माणसाची भाकरी परत मिळते त्या कागदावरचा शब्द तरी शुद्ध असावा असे मला मनापासून वाटते. ‘च’ पुढे आला की त्याच विसर्गाचा ‘श्’ होऊन ‘पुनश्च’ होते, आणि त्या शब्दाला महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात एक अढळ स्थान आहे : राजद्रोहाच्या खटल्यातील कारावासानंतर लोकमान्यांनी ‘केसरी’ची सूत्रे १८९९ च्या जुलैत पुनरपि हाती घेतली तेव्हाच्या अग्रलेखास त्यांनी ‘पुनश्च हरिः ॐ’ हे शीर्षक दिले. तेथे कोणी कोणास कामावर घेतले नव्हते. खंडित झालेले कार्य जेथे थांबले होते तेथूनच पुढे न्यावयाचे होते, आणि अध्ययनाच्या आरंभी उच्चारावयाचे ‘हरिः ॐ’ त्यासाठी नेमके होते.

‘फेर’ हा उपसर्ग मात्र अस्सल देशी. ‘फिरणे’ या धातूपासून तो आला आणि फेरविचार, फेरतपासणी, फेरनिवडणूक अशी प्रजा त्याने वाढवली. तलाठ्याच्या दप्तरातला फेरफारही त्याच घरचा. फेरनेमणुकीतली ‘नेमणूक’ ‘नेमणे’पासून, ‘नेमणे’ ‘नेम’पासून आणि ‘नेम’ संस्कृतातील ‘नियम’पासून. यामुळे फेरनेमणूक या शब्दात, कोणी म्हणो वा न म्हणो, एक नवा नेम अभिप्रेत असतो : चक्र एकवार फिरून आरंभबिंदूशी आले आणि नवा हुकूम निघाला. जुन्या हुकमाचे काय झाले, याबद्दल हा शब्द मौन पाळतो. ते मौन कामगाराला महागात पडते.

आता फारशी दरबारातून आलेल्या शब्दांकडे वळू. हा सारा प्रांत समृद्ध आहे आणि येथे थोडे रेंगाळावेसे वाटते. ‘बहाल’ म्हणजे ‘ब’ अधिक ‘हाल’ : हालतीत, म्हणजे होत्या त्या स्थितीत. वतन जप्त झाले, मग चौकशीअंती निर्दोष ठरून वतन बहाल झाले, असे म्हटले की वतनदाराची स्थिती जप्तीपूर्वी जशी होती तशी पुन्हा उभी राहिली असा अर्थ होतो, आणि त्याला ‘बदस्तूर’, ‘साबिकप्रमाणे’ अशी जोड मिळाली की मधल्या काळास जणू कागदावर अस्तित्वच उरत नाही. आजच्या मराठीत या शब्दाचा अर्थ पसरला आहे. पदवी बहाल करतात, पुरस्कार बहाल करतात, आणि जे पूर्वी कधीच नव्हते तेही आपण बहाल करू लागलो आहोत. अर्थविस्तार हा भाषेचा स्वभाव आहे, त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. परंतु ‘पूर्वस्थितीस आणणे’ हा त्याचा मूळ अर्थ पुसट झाल्यामुळे मराठीने एक अत्यंत नेमके हत्यार बोथट करून ठेवले आहे, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

‘बडतर्फ’ हा त्याचा प्रतिपक्ष. फारशी ‘बर-तरफ’, म्हणजे बाजूला. शब्दात अपमान नाही, शिक्षा नाही. माणसाला रांगेतून बाजूला केले एवढेच. अपमान त्यात पुढे आपण ओतला. सर्वांत विलक्षण कथा मात्र ‘रुजू’ची. अरबी ‘रुजूअ’ म्हणजे परतणे. ज्याच्या पोटात परतण्याचाच अर्थ आहे तो शब्द मराठीने कोणत्याही कामावर हजर होण्यास लावला. नोकरीच्या पहिल्या दिवशी, जेथे पूर्वी कधी पाऊल टाकले नाही त्या कार्यालयात जाणारा मनुष्यही ‘रुजू’च होतो. आणि मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहण्यास आपण ‘रुजुवात’ म्हणतो ती याच घरातली. म्हणजे ‘पुन्हा रुजू झाला’ या वाक्यात परतण्याची क्रिया दोनदा आली आहे, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात अशा दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले, त्यांतील कित्येक रूढ झाले. पण चाकरीच्या येण्याजाण्याचे हे शब्द साडेतीन शतके उलटूनही आपल्या ओठांवरून हलले नाहीत.

त्याच कालखंडात या शब्दांतील भेदाचे एक जिवंत उदाहरण आहे. सरनोबत नेताजी पालकर १६६६ च्या आरंभी पन्हाळ्याच्या मोहिमेत वेळेवर पोहोचले नाहीत म्हणून पदावरून दूर झाले. तेथून विजापूरकरांकडे, पुढे मोगलांकडे गेले, औरंगजेबाच्या कैदेत त्यांचे धर्मांतर झाले, वायव्येकडील मोहिमांवर त्यांची रवानगी झाली, आणि १६७६ साली, दहा वर्षांनी, ते महाराजांकडे परत आले. त्यांना शुद्ध करून स्वधर्मात व स्वराज्यात घेतले गेले. परंतु सरनोबतीवर १६७४ पासून हंबीरराव मोहिते होते आणि ते तेथेच राहिले. नेताजींना परत घेतले. सरनोबती बहाल झाली नाही. त्या काळच्या समाजाजवळ यासाठी आणखी एक शब्द होता, ‘गोतात घेणे’, आणि त्या शब्दाचा पदाशी काही संबंध नव्हता. तो पंक्तीशी, पाटाशी, लेकीबाळींच्या सोयरिकीशी जोडलेला होता. माणसाला गोतात घेणे आणि त्याच्या जागी घेणे या दोन क्रिया साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाने जितक्या स्वच्छपणे वेगळ्या ओळखल्या, तितक्या आपण ओळखतो का, असा प्रश्न मला पडतो.

दापोडीच्याच भूमीवर या विषयाचा दुसरा अध्याय घडला. पवना जेथे मुळेस मिळते त्या परिसरात पेशव्यांच्या पदरी असलेली कवायती फौज कॅप्टन फोर्डच्या हुकमतीखाली छावणी करून होती. पगार बाजीरावांचा, अधिकारी इंग्रजांचे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई पेटली तेव्हा फोर्डने दापोडीहून आपली पलटण नेली आणि ती कर्नल बरच्या सैन्यास, म्हणजे आपल्या धन्याच्या विरुद्ध पक्षास, जाऊन मिळाली. पुढे फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याहून इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला, त्यात बाजीरावांची चाकरी दोन महिन्यांच्या आत सोडून घरी परतणाऱ्यांना अभय आणि वतने, इनामे, वर्षासने पूर्ववत् चालविण्याचे आश्वासन होते. राज्य बदलत असताना नव्या सत्तेला पहिली गरज भासली ती ‘पूर्ववत्’ या शब्दाची, आणि त्याला जोडलेल्या मुदतीची. मुदतीत आला त्याचे मागचे चालू, मुदतीनंतर आला त्याचे मागचे संपले. फोर्डचा दापोडीतील बंगला पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळी सरकारने घेतला, तेथे वनस्पती-उद्यान झाले. आज त्या परिसराच्या आसपास लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कारखाने आहेत आणि राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, जेथे उघड्या चॅसिसवर सांगाडा चढून एस.टी. गाडी उभी राहते.

सरकारी सेवेच्या नियमांत हा मधल्या दिवसांचा हिशेब फार काटेकोर आहे, आणि नियमांची भाषा रुक्ष म्हणून आपण तिच्याकडे पाहत नाही ही आपली चूक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये शेवटच्या दोन शिक्षा अशा आहेत : सेवेतून काढून टाकणे आणि सेवेतून बडतर्फ करणे. सामान्य माणसाला दोन्ही सारख्याच वाटतील, कारण दोन्हींत मनुष्य घरी बसतो. नियम मात्र त्यांच्यातील भेद भविष्याकडे पाहून करतो : काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याला पुढे सरकारी नोकरीचे दार बंद नसते, बडतर्फ झालेल्याला ते सामान्यतः बंद असते. म्हणजे जाण्याचा शब्दच येण्याची शक्यता ठरवतो. बाहेरच्या दारावर कोणती पाटी लावली आहे त्यावर आतले दार पुन्हा उघडेल की नाही हे अवलंबून राहते.

निलंबित कर्मचाऱ्याला सेवेत परत घेताना तर नियम आणखी बारकाईने बोलतो. पुनःस्थापनेचा नुसता हुकूम काढून भागत नाही. सक्षम अधिकाऱ्याने त्याच वेळी दोन गोष्टी लिहून द्याव्या लागतात, एक म्हणजे निलंबनकाळाचे वेतन किती द्यावयाचे, आणि दुसरी म्हणजे तो काळ कर्तव्यकाळ म्हणून धरावयाचा की नाही. या दुसऱ्या ओळीकडे कर्मचाऱ्याचे डोळे लागलेले असतात, कारण वेतनवाढ, ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन तिच्यावर टांगलेले असते. आणि जेथे सेवा प्रत्यक्ष तुटली असेल तेथे ‘सेवाखंड क्षमापित करणे’ असा एक शब्दप्रयोग आपल्या प्रशासनाने घडविला आहे. तो मला मनापासून आवडतो. खंड पुसता येत नाही, तो घडलाच. पण त्याला क्षमा करता येते. निवृत्त अधिकाऱ्याच्या बाबतीतही असाच सूक्ष्म भेद आहे : मुदतवाढ मिळाली तर जुनीच सेवा पुढे चालते, पुनर्नियुक्ती मिळाली तर निवृत्ती झाली ती झाली, निवृत्तिवेतन सुरू झाले ते झाले, आणि नव्या वेतनातून ते सामान्यतः वजा होते. लोक मात्र दोघांनाही ‘साहेबांना परत घेतलं’ असेच म्हणतात.

न्यायालयांनाही या शब्दाच्या अर्थासाठी कोश उघडावे लागले आहेत. औरंगाबादच्या एका शिक्षण संस्थेतील शिक्षिकेची सेवा बेकायदेशीररीत्या संपविण्यात आली, शाळा न्यायाधिकरणाने तिला पूर्ण वेतनासह परत घेण्याचा आदेश दिला, उच्च न्यायालयाने परत घेणे कायम ठेवून मागील वेतन मात्र रद्द केले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ ऑगस्ट २०१३ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती सिंघवी यांनी, कायद्यात पुनःस्थापनेची व्याख्या नसल्यामुळे, इंग्रजी शब्दकोशांचा आणि विधिकोशांचा धांडोळा घेतला आणि अर्थ काढला तो असा की, पुनःस्थापना म्हणजे माणसाला पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या स्थितीत नेऊन बसविणे. ज्याला पूर्वस्थितीत बसवायचे त्याच्या मधल्या काळाचे वेतन कापले तर ती पूर्वस्थिती राहतच नाही, आणि चूक मालकाची असताना भुर्दंड कर्मचाऱ्याला बसतो. म्हणून, इतरत्र कमाई होती असे मालकाने सिद्ध केले नाही तर, सेवासातत्य व मागील वेतनासह परत घेणे हा सर्वसाधारण नियम न्यायालयाने उद्घोषित केला. जे काम फारशी ‘बहाल’ने दोन अक्षरांच्या ‘हाल’मध्ये सामावले होते, ते सिद्ध करण्यास पानेच्या पाने लागली. अलीकडे रोजंदारीवरील कामगारांच्या बाबतीत न्यायालये पुष्कळदा परत घेण्याऐवजी एकरकमी भरपाई देतात, हेही येथे सांगितले पाहिजे. तेथे मधल्या दिवसांची किंमत मिळते, पुढचे दिवस मिळत नाहीत.

आता पुन्हा दापोडीच्या फलाटाकडे येऊ. त्या तरुणाच्या तोंडी जो शब्द आला नाही, पण ज्याच्यामुळे सारे घडले, तो शब्द ‘ब्रेक’. या पट्ट्यात तो इतका रुळला आहे की त्याचे भाषांतर कोणी करू जाऊ नये. ‘सात महिने भरले, ब्रेक दिला’, ‘ब्रेकवर आहे’, ‘ब्रेक संपला की बोलावतील’. सातच महिने का, याचे उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनुसार बारा महिन्यांत २४० दिवस अखंड काम केलेला तात्पुरता कामगार कायम होण्यास पात्र ठरतो. सात महिन्यांतून साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या की दिवस दोनशेच्या आतच राहतात. तेव्हा खंड घडत नाही, घडविला जातो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध अधिनियमाने, कामगारांना बदली, नैमित्तिक वा तात्पुरते म्हणून नेमून वर्षानुवर्षे तसेच ठेवणे आणि त्यामागे त्यांना कायमपणाच्या हक्कांपासून वंचित करण्याचा हेतू असणे, ही अनुचित प्रथा म्हणून चौथ्या अनुसूचीत सहाव्या बाबीत नोंदविली आहे. विधिमंडळाने या गोष्टीला नाव दिले, तिच्यातला हेतू उघड लिहिला, ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही तो तरुण सातव्या महिन्यानंतर घरी बसतो, आणि महिन्या-दीड महिन्याने भ्रमणध्वनीवर बोलावणे आले की त्याला आनंद होतो. त्या आनंदात मला फार दुःख दिसते. गावाकडे आई विचारते, ‘लागला का रे पुन्हा कामाला?’ आणि तो ‘लागलो’ म्हणतो. ‘लागणे’ हे क्रियापद मराठीने रोपालाही लावले, ओढीलाही लावले आणि नोकरीलाही लावले. रोप एकदा लागले की ते मुळे धरते. सात महिन्यांनी उपटावयाच्या रोपाला लागले म्हणण्याची वेळ आपल्या भाषेवर आणली गेली आहे.

मुंबईच्या गिरणगावाने यापूर्वी ‘बदली’ हा शब्द असाच सोसला. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या साच्यावर उभा राहणारा तो बदली. पहाटे फाटकापाशी थांबावयाचे, नाव पुकारले तर आत, नाही तर खोलीवर परत. मुकादमाच्या मर्जीवर चालणारी ही निवड आटोक्यात आणण्यासाठी गिरणीमालक संघाने १९३५ साली बदली-नियंत्रणाची पद्धत आणली, पण फाटकावरचे ताटकळणे संपले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. आणि ज्यांना गिरण्यांनी नंतर परत घेतले नाही त्या हजारो माणसांच्या बाबतीत मधले दिवस कधी संपलेच नाहीत.

एस.टी.चा इतिहास या बाबतीत अधिक बोलका आहे. १९५६ च्या करारातील ४९ व्या कलमाने १८० दिवस अखंड सेवा झालेल्या रोजंदार कामगाराला समयश्रेणीत घेण्याची तरतूद केली होती. ज्या गाड्या दापोडीसारख्या कार्यशाळांत उभ्या राहतात त्या आगारात झाडणाऱ्या-धुणाऱ्या, वर्षानुवर्षे दिवसावारी राबणाऱ्या कामगारांनी याच आधारे न्याय मागितला. तोपर्यंत २००६ च्या उमादेवी प्रकरणातील निकालामुळे सार्वजनिक सेवेतील नियमितीकरणाचे दरवाजे मिटल्याची हवा पसरली होती. परंतु कास्ट्राइब राज्य परिवहन कर्मचारी संघटनेच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्या निकालाने औद्योगिक न्यायालयांचा अनुचित प्रथा रोखण्याचा अधिकार हिरावून घेतलेला नाही.

आणि मग २०२१-२२ चा संप. शासनात विलीनीकरणाची मागणी घेऊन ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या त्या दीर्घ संपात बाहेर जाण्याचे तीन शब्द वर्तमानपत्रांत रोज छापले जात होते : कायम कर्मचाऱ्यांचे ‘निलंबन’, त्यांचीच पुढे ‘बडतर्फी’, आणि रोजंदारांची ‘सेवासमाप्ती’. एकाच आगारात, एकाच मागणीसाठी, एकाच मंडपात बसलेल्या माणसांना तीन वेगवेगळ्या शब्दांनी बाहेर काढले गेले. ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास मुदत दिली आणि संपासाठी काढलेल्यांनाही कामावर घेण्यास महामंडळाला सांगितले. ‘रुजू’ या शब्दाला आपला मूळ अरबी अर्थ त्या पंधरवड्यात जसा परत मिळाला तसा क्वचितच मिळाला असेल : हजारो माणसे खरोखरच परतत होती.

सगळेच खंड मात्र माणसाच्या विरुद्ध जात नाहीत, हे सहकारी साखर कारखान्यांकडे पाहिले की कळते. तेथे हंगामी कामगार गळीत संपल्यावर घरी जातो, पण त्याचे नाव उतरत नाही. बिगर-हंगामात त्याला वेतनाचा काही भाग मिळतो, त्याला कामगार ‘रिटेन्शन’ म्हणतात, आणि पुढच्या हंगामात बॉयलर पेटला की त्याला पुन्हा ‘घ्यावे’ लागत नाही, तो नुसता येतो. त्याच कारखान्यासाठी फडात राबणाऱ्या ऊसतोड्याला मात्र ही सावली नाही. त्याला मुकादमाची उचल बांधून ठेवते, आणि मधल्या दिवसांचा हिशेब तेथे उलटा चालतो, कारण ते दिवस कर्ज वाढवतात. मराठवाड्यातील सालगड्याचे साल गुढीपाडव्याला संपते आणि गुढीपाडव्यालाच नव्याने ठरते. ‘यंदा ठेवला का?’ हा प्रश्न त्या दिवशी घरोघर विचारला जातो, आणि साल मोडले की मागचे काही उरत नाही.

कपातीत घरी गेलेल्यांसाठी १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ साली एक कलम आले, २५-ह. कारखान्याने कामगार कमी केले आणि पुढे पुन्हा माणसे घ्यावयाची ठरविली, तर कमी केलेल्या जुन्या कामगारांना आधी संधी द्यावी, असे ते सांगत असे. हे परत घेणे मात्र नवी नेमणूक असते, मागचे सातत्य ते आपोआप आणत नाही. केंद्राच्या नियमांत त्याची रीतही होती : जागा भरण्यापूर्वी किमान दहा दिवस सूचनाफलकावर तपशील लावावयाचा आणि जुन्या कामगारांना, त्यांनी दिलेल्या पत्त्यावर, नोंदणीकृत टपालाने कळवावयाचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हा अग्रहक्क कायम आहे, परंतु तो कपातीनंतरच्या एका वर्षापुरता. एल्फिन्स्टनची मुदत दोन महिन्यांची होती. ही एका वर्षाची.

माझ्या शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना आमच्या आळीत सगळे तात्या म्हणतात, त्यांना तरुणपणी अशाच एका कपातीत घरी जावे लागले होते. ते तेव्हा नदीकाठच्या चाळीत भाड्याने राहत, आणि पावसाळ्यात पाणी शिरले की बिऱ्हाड हलवीत. एके दिवशी त्यांनी पेटीतून जुन्या कागदांची चळत काढली आणि कारखान्याच्या टाइम ऑफिसात दिलेल्या अर्जाची नक्कल दाखविली. काळ्या शाईतले अक्षर वळणदार, कागद घडीवर फाटलेला. ‘बिऱ्हाड बदललं की पत्ता बदलायचा, आणि पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन माघारी गेलं तर आपलं नाव गेलं,’ ते म्हणाले, ‘म्हणून मी किराणा दुकानदाराचा पत्ता दिला. दुकान काही हलत नव्हतं.’ अर्जात नावाखाली ‘मार्फत’ असे लिहून दुकानाचे नाव होते, आणि त्या ‘मार्फत’खाली त्यांनी शाईने दोन रेघा ओढल्या होत्या. पत्र यायला चौदा महिने लागले. दुकानदाराने ते गल्ल्याखाली जपून ठेवले होते, आणि तात्या सायंकाळी मीठ आणायला गेले तेव्हा त्यांच्या हातावर आधी पत्र ठेवले, मग मीठ.